तिकीट तेच, मालक बदलता: सत्तेच्या ओढाताणीत सरकारी बसचा पैसा कुठे अडकतो?



आजचा विषय रोजच्या वापरातला आहे. बस. आपल्यापैकी कुणी पुण्यात असेल, कुणी इंदूर-बडोद्यात, कुणी बंगळुरूला नोकरीनिमित्त, कुणी दिल्लीत. शहर कुठलंही असो, सरकारी बसबद्दल दोन वाक्यं सगळीकडे ऐकू येतात. एक, "बस वेळेवर येत नाही." दोन, "बस कंपनी तोट्यात आहे." तोट्याचं कारण विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात: भ्रष्टाचार, कामचुकारपणा, युनियन. यांत थोडंफार तथ्य असेलही. पण एका कारणाबद्दल फारसं बोललं जात नाही, आणि आज आपण त्याच्याबद्दलच बोलणार आहोत. शहरावर राज्य कुणाचं, हेच नक्की नसेल तर बस कंपनीच्या तिजोरीचं काय होतं?

उदाहरण म्हणून आपण दिल्ली घेऊ. दिल्ली परिवहन निगम, म्हणजे डीटीसी. देशाच्या राजधानीची बस, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत सत्तेची जेवढी ओढाताण तिच्या वाट्याला आली, तेवढी क्वचितच कुणाच्या आली असेल. शेवटी मुंबईच्या बेस्टकडेही एक नजर टाकू.

अस्थिरता म्हणजे नेमकं काय?

राजकीय अस्थिरता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडणारी सरकारं आणि फुटणारे आमदार येतात. ते तर आहेच. पण बस कंपनीच्या दृष्टीने अस्थिरतेचा अर्थ अधिक साधा आहे: निर्णय कोण घेणार हे नक्की नसणं. सरकार नसेल तर निर्णय होत नाही. सरकार आहे, पण सही दुसऱ्याच्या हातात असेल, तरी होत नाही. सरकार आहे, सहीही आहे, पण निवडणूक तोंडावर असेल, तर अप्रिय निर्णय होत नाही.

बस मात्र थांबू शकत नाही. पहाटे डेपोतून गाडी निघालीच पाहिजे. चालक-वाहकांचे पगार, इंधन, टायर, सुटे भाग, पेन्शन हा खर्च रोज होतो, आणि त्यात पगार-पेन्शनचा वाटा मोठा. हा खर्च भागवायला पैसा तीनच वाटांनी येतो: प्रवाशाचं तिकीट, सरकारचं अनुदान किंवा कर्ज, आणि जाहिराती-जागा यांचं थोडंफार उत्पन्न. यातल्या पहिल्या दोन वाटांची चावी राजकारण्यांच्या खिशात असते. निर्णय लांबला तरी खर्च लांबत नाही. मधल्या काळातली तूट कुठे तरी साठत जाते, आणि त्या साठलेल्या तुटीलाच आपण पुढे "तोटा" म्हणतो.

एका बसचे चार मालक

दिल्लीच्या बसचा इतिहास बघा. १९४८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपनीकडून शहराची बससेवा ताब्यात घेतली. १९५० मध्ये तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. १९५८ मध्ये ती दिल्ली महापालिकेकडे गेली. १९७१ मध्ये पुन्हा केंद्राकडे, आणि तेव्हाच "दिल्ली परिवहन निगम" हे नाव मिळालं. १९९६ मध्ये ती दिल्ली सरकारच्या हाती आली. पन्नास वर्षांत एवढे हात बदलले. दरवेळी नव्या मालकाला जुनी देणी, जुने कर्मचारी आणि जुनी सवय वारशात मिळाली. ती सवय म्हणजे, पैसे कमी पडले की वरून येतील.

दिल्ली सरकारही पूर्ण राज्याचं सरकार नाही. निवडून आलेला मुख्यमंत्री एका बाजूला आणि केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल दुसऱ्या बाजूला. दोघांचा पक्ष एक असेल, निदान संबंध बरे असतील, तर गाडी चालते. नसतील तर फाइल फिरत राहते.

भाडं: कधी वाढलं आणि कधी वाढलं नाही

डीटीसीचं भाडं ३ नोव्हेंबर २००९ ला वाढलं. साध्या बसला ५, १० आणि १५ रुपये, वातानुकूलित बसला १० ते २५ रुपये. त्यानंतरची पंधरा वर्षं याच दरांत गेली.

ही २००९ ची वाढ कधी झाली ते बघा. २००८ च्या अखेरीस शीला दीक्षित तिसऱ्यांदा जिंकल्या होत्या, मे २००९ मध्ये लोकसभेची निवडणूकही झाली होती. पुढची विधानसभा चार वर्षं दूर. दिल्लीत आणि केंद्रात एकाच पक्षाचं सरकार. म्हणजे खुर्ची पक्की होती, वर भांडण नव्हतं आणि मतदार लगेच हिशोब मागायला येणार नव्हता. भाडेवाढ होते ती अशाच खिडकीतून.

ती खिडकी पुढे बंद झाली. डिसेंबर २०१३ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. अरविंद केजरीवाल यांचं पहिलं सरकार ४९ दिवस टिकलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि ती वर्षभर राहिली. त्या वर्षी दिल्लीचा अर्थसंकल्प विधानसभेत न मांडता संसदेत मांडला गेला. ज्या शहराचं अंदाजपत्रकच पाहुण्या घरी मांडलं जातं, त्या शहराच्या बसचं भाडं वाढवून शिव्या कोण खाणार?

इथे तुम्ही म्हणाल, "अहो, पण २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा मिळाल्या. याहून स्थिर सरकार कुठलं?" प्रश्न रास्त आहे. बहुमत होतं, पण अधिकार कुणाचे हा वाद त्याच वर्षी सुरू झाला. अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या कुणाच्या हातात, यावर मे २०१५ मध्ये केंद्राची अधिसूचना आली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, तरी हा मुद्दा शिल्लकच राहिला. ११ मे २०२३ ला दुसरा निकाल निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने लागला, आणि आठच दिवसांनी अध्यादेशाने चित्र पुन्हा बदललं. विधानसभेत ६७ हात वर होत होते, पण बस कंपनीचा वरिष्ठ अधिकारी नेमका कुणाला उत्तरदायी आहे, हे आठ वर्षं न्यायालयात ठरत होतं.

शिवाय दिल्लीत निवडणुका संपतच नाहीत. २०१३, २०१५, २०२० आणि २०२५ ला विधानसभा. २०१४, २०१९, २०२४ ला लोकसभा. २०१७ आणि २०२२ ला महापालिका. बारा वर्षांत नऊ वेळा. दरवेळी आचारसंहिता आणि दरवेळी "आत्ता नको, नंतर बघू".

या "नंतर बघू"ची किंमत काढू. २००९ ते २०२४ या काळात देशातल्या किमती दुपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे आजच्या दहा रुपयांच्या तिकिटात २००९ च्या हिशोबाने जेमतेम चार-साडेचार रुपये उरतात. तिकीट तेच राहिलं, पण कंपनीच्या हातात त्याची किंमत निम्म्याहून कमी पडली. इंधन आणि पगार मात्र आजच्या दराने द्यावे लागतात.

याच शहरातल्या मेट्रोशी तुलना करून बघा. मेट्रोत केंद्र आणि दिल्ली सरकार यांची निम्मी-निम्मी भागीदारी. म्हणजे भांडण तिथेही आहेच. पण २००२ च्या मेट्रो कायद्यानुसार भाडं ठरवायला स्वतंत्र समिती नेमली जाते, तिच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात आणि तिची शिफारस मेट्रोवर बंधनकारक असते. २०१७ मध्ये मे आणि ऑक्टोबर अशा दोन टप्प्यांत मेट्रोचं भाडं वाढलं. दिल्ली सरकारने जोरदार विरोध केला, तरी वाढ झाली. ती एकदम मोठी झाली आणि पुढच्या महिन्यांत प्रवासी घटले, हेही खरं. म्हणून हा मार्ग निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच शहरात, त्याच भांडणात, एका संस्थेचं भाडं वाढू शकलं आणि दुसरीचं वाढलं नाही. फरक नियमाचा होता.

गाड्या: एकदम आल्या, एकदम म्हाताऱ्या झाल्या

भाड्यापेक्षा मोठा फटका गाड्यांच्या खरेदीत बसतो. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीने साडेतीन हजारांहून अधिक लो-फ्लोअर गाड्या घेतल्या. छान गाड्या होत्या. पण अडचण अशी की त्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. शहाणी बस कंपनी दरवर्षी थोड्या गाड्या घेते आणि थोड्या भंगारात काढते, म्हणजे खर्च सारखा विभागला जातो. दिल्लीत त्या खेपेनंतर जवळजवळ बारा वर्षं डीटीसीकडे नव्या गाड्यांची मोठी खेप आलीच नाही.

महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालातले आकडे बघा. २०१५-१६ मध्ये डीटीसीकडे ४,३४४ गाड्या होत्या. मार्च २०२३ मध्ये राहिल्या ३,९३७. त्यांतल्या १,७७०, म्हणजे सुमारे ४५ टक्के, ठरलेलं आयुष्य संपलेल्या. जुनी गाडी जास्त बिघडते, जास्त सुटे भाग खाते आणि कमी किलोमीटर धावते. फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी दुचाकी घेतो. तो गेला की तिकिटाचं उत्पन्न जातं. पण चालक-वाहकाचा पगार गाडी डेपोत उभी असली तरी द्यावाच लागतो.

मग गाड्या घेतल्या का नाहीत? प्रयत्न झाले. सगळ्यात गाजलेला प्रयत्न १,००० लो-फ्लोअर गाड्यांचा. २०२१ मध्ये व्यवहार ठरला. विरोधकांनी देखभाल कराराच्या अटींवर आक्षेप घेतले. नायब राज्यपालांनी चौकशी समिती नेमली, जुलैमध्ये खरेदी थांबली, ऑगस्टमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सीबीआयच्या प्राथमिक चौकशीची शिफारस केली. त्या गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत. करारात दोष होता की नव्हता, हा आपला आजचा विषय नाही. दोष असेल तर चौकशी व्हायलाच हवी. पण ज्या शहरात सत्तेची दोन केंद्रं एकमेकांकडे संशयाने बघतात, तिथे सही करणाऱ्या अधिकाऱ्याला एक धडा मिळतो: खरेदी केली तर चौकशी, न केली तर काहीच नाही. मग तो का सही करेल?

कर्ज: कागदावर वाढणारा डोंगर

आता तोट्याचा मोठा आकडा. कॅगच्या अहवालानुसार डीटीसीचा संचित तोटा २०१५-१६ मध्ये सुमारे २५,३०० कोटी रुपये होता. २०२१-२२ मध्ये तो ६०,७५० कोटींच्या घरात गेला. सहा वर्षांत ३५ हजार कोटींची भर!

हा सगळा पैसा बस चालवण्यात बुडाला का? नाही. यात मोठा भाग व्याजाचा आहे. जुन्या काळात तूट भरायला सरकारने डीटीसीला अनुदानाऐवजी कर्ज दिलं. हे कर्ज फिटणार नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. तरी व्याज चढत राहिलं, व्याजावर व्याज चढलं. आपल्या घरात थोरल्या भावाने धाकट्याला पोट भरायला पैसे दिले आणि वहीत "कर्ज" म्हणून लिहिले, तसा हा प्रकार.

ही वही साफ करायला कुणाला तरी ठाम निर्णय घ्यावा लागतो: एवढी रक्कम माफ, एवढी भांडवलात घातली, आणि इथून पुढे एवढं अनुदान. असा निर्णय घेतला तर तूट सरकारच्या स्वतःच्या ताळेबंदात दिसते आणि विरोधक बोट दाखवतात. न घेतला तर ती बस कंपनीच्या नावावर राहते. पाच वर्षांपुरता विचार करणारा दुसरा मार्ग निवडतो.

आणि हिशोब लोकांसमोर तरी वेळेवर आला का? कॅगचे अनेक अहवाल विधानसभेत मांडण्यावरून वाद झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या दिरंगाईबद्दल ताशेरे ओढले. सत्ताबदल झाला आणि मार्च २०२५ मध्ये डीटीसीचा अहवाल सभागृहात आला. त्यातले ताळेबंद मार्च २०२२ पर्यंतचे. रुग्णाचा रिपोर्ट तीन वर्षांनी हाती आला, तर डॉक्टर कुठलं औषध देणार?

सवलत: रोकड गेली, फाइल आली

२९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये महिलांना प्रवास मोफत झाला. गुलाबी तिकीट. प्रत्येक तिकिटामागे सरकार १० रुपये भरपाई देणार, अशी व्यवस्था. तीन-साडेतीन महिन्यांत निवडणूक होती, हे खरं. पण ही सवलत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. घरकाम करणारी, शिवणकाम करणारी, शिकणारी मुलगी यांच्या हातात महिन्याचे काही शे रुपये राहतात, ही मोठी गोष्ट आहे. पुढे कर्नाटकात जून २०२३ मध्ये "शक्ती" योजना आली, महाराष्ट्रात एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं.

पण कंपनीच्या तिजोरीत काय बदलतं ते समजून घ्या. पूर्वी वाहकाच्या पिशवीत रोज रोकड यायची. मंत्रालयात कितीही भांडणं असोत, संध्याकाळी डेपोत पैसे जमा व्हायचे. आता उत्पन्नाचा मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून येतो, आणि तिथला पैसा फाइलवरून येतो. फाइल अडली की इंधनाचं बिल थकतं, पगार लांबतो. म्हणजे सवलत जितकी मोठी, तितकी बस कंपनी राजकारणाच्या हवामानाला जास्त उघडी पडते.

याचा चटका माणसांना कसा बसतो? दिल्लीच्या बसमध्ये महिलांच्या सुरक्षिततेसाठी मार्शल नेमले होते. ते नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक. त्यांच्या नेमणुकीला आक्षेप निघाला, मानधन काही महिने अडकलं आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून सुमारे दहा हजार जणांचं काम सुटलं. दोष कुणाचा, यावर दोन्ही बाजू आजही भांडतील. घरी बसले ते मार्शल.

मुंबई: निवडून आलेला कुणीच नव्हता

आता बेस्टकडे वळू. तिची अडचण वेगळी आहे. बेस्ट हा मुंबई महापालिकेचाच उपक्रम, १९४७ पासून. पूर्वी वीज विभागाच्या नफ्यावर बस चालायची. वीजदर नियामक आयोगाकडे गेले आणि तो आधार सुटत गेला. जून २०१९ मध्ये पालिका आणि बेस्ट यांच्यात समझोता झाला: पालिका पैसे देईल, बेस्टने भाडं कमी करावं आणि भाडेतत्त्वावर गाड्या घेऊन ताफा ७,००० वर न्यावा. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ वरून ५ रुपयांवर आलं. प्रवासी परत आले. योजना चांगली होती.

पण स्वस्त भाडं लगेच लागू झालं, वाढीव ताफा मात्र कागदावर राहिला. कोरोना आला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक लांबत गेली. साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार. त्याच वर्षी राज्यातलं सरकारही बदललं. नगरसेवक नव्हते म्हणजे बेस्ट समितीही नव्हती. गाड्या का कमी झाल्या, निवृत्तांची ग्रॅच्युइटी का थकली, कंत्राटदार मध्येच सेवा का सोडतात, हे सभागृहात उभं राहून विचारणारा कुणी उरला नाही. शेवटी मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ वरून एकदम १० रुपये झालं, वातानुकूलितचं ६ वरून १२. दिल्लीत लोकांच्या भीतीने भाडं वाढलं नाही. मुंबईत लोकांना उत्तर द्यायला कुणी नसताना ते दुप्पट झालं. दोन्हीकडे मधली सहा-पंधरा वर्षं दरवर्षी रुपया-आठ आण्यांचा हिशोब कुणी केला नाही.

"मग खासगी कंत्राटदाराला द्या" म्हणजे सुटलं का?

हल्ली बऱ्याच शहरांत गाडी कंत्राटदाराची असते आणि सरकार प्रति किलोमीटर पैसे देतं. पण कंत्राटदाराला एकच भीती असते: सरकारचे पैसे वेळेवर येतील का? शंका असेल तर तो जादा दर लावतो, किंवा निविदाच भरत नाही. या भीतीवर उपाय म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये पेमेंट सुरक्षा योजना मंजूर केली, ३,४३५ कोटींची, ३८ हजारांहून अधिक ई-बससाठी. परिवहन संस्थेने पैसे थकवले तर या निधीतून कंत्राटदाराला द्यायचे आणि नंतर ते संबंधित राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वळते करायचे. म्हणजे राज्यांच्या राजकारणावर भरवसा ठेवता येत नाही, हे सरकारनेच कागदावर मान्य केलं. कंत्राट दिल्याने अस्थिरतेची किंमत टळत नाही. ती प्रति किलोमीटर दरात येऊन बसते.

मग करायचं काय?

सरकारं कायम टिकावीत, असा उपाय लोकशाहीत नसतो आणि नसावाही. सरकारं बदलणारच. ती बदलली तरी बसचा पैसा अडकू नये, एवढी सोय करता येते.

भाड्याला सूत्र हवं. इंधन, पगार, महागाई यांवर आधारित, दरवर्षी थोडं. सरकारला ते नको असेल तर त्याने जरूर नकार द्यावा, पण नकाराची रक्कम त्याच वर्षी कंपनीला द्यावी. सवलतीचा पैसा आगाऊ हवा आणि अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षकाखाली दिसायला हवा. गाड्यांची खरेदी दरवर्षी ठरल्या संख्येने हवी. आणि कंपनीचा हिशोब दरवर्षी सहा महिन्यांच्या आत लोकांसमोर यायला हवा, सरकार कुणाचंही असो.

तुमच्या शहरात उमेदवार दारात आले की "बस मोफत करणार का?" एवढंच विचारू नका. विचारा: यंदा गाड्या किती घेणार? सवलतीचे पैसे कुठल्या तारखेला देणार? मागच्या वर्षीचा ताळेबंद कुठे आहे? हे तीन प्रश्न कुठल्याच पक्षाच्या विरोधात नाहीत.

स्वस्त बस ही चैन नाही. ज्याच्याकडे दुचाकीही नाही, त्याची नोकरी, तिचं कॉलेज, त्यांचा दवाखाना त्या बसवर अवलंबून असतो. ती स्वस्त ठेवायची असेल तर तिचा खर्च आजच कुणी तरी उचलला पाहिजे. पुढच्या सरकारच्या नावावर टाकलेलं बिल शेवटी थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाकडूनच वसूल होतं.

तुमच्या शहरातल्या बसचा अनुभव जरूर कळवा. आज इथेच थांबतो.